चर्चच्या घंटेचा एकच ठोका

मंडळी, सकाळपासून घास गिळवत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आमच्या गावातलं जुनं चर्च मी आजवर बाहेरूनच पाहिलं होतं. काळ्या दगडाच्या भिंती, वर मातीचे कवेलू, म्हणजे कौलं. परदेशी फादरांनी बांधलं, पण आतल्या सागवानी तुळया इथल्याच जंगलातल्या, एवढंच ऐकून होते. आज ते छत पाहायला गेले. दाराशी घंटेची दोरी लोंबत होती. देवाच्या दारात घंटा वाजवूनच आत जायचं, हे आईनं मला अक्षरांच्या आधी शिकवलंय. मी चपला काढल्या, दोरी एकदा ओढली आणि हात जोडले.

तिथे अवेळी घंटेचा एकच ठोका पडला, की वस्तीतलं कुणीतरी गेलं असं समजतात, हे मला ठाऊक नव्हतं.

शेजारच्या घरातून मार्थाबाई पिठाच्या हातांनीच धावत आल्या. त्यांचे यजमान चंद्रपूरच्या दवाखान्यात आहेत. "फादरले फोन आला का? गेले का आमचे?"

छत पाहायला आले होते, घंटा सवयीनं वाजवली, असं मी सांगितलं. त्यांना पटेना. "फोन लाव पोरी. माहे हात पिठाचे हायेत."

त्यांनी सांगितलेला यजमानांचा नंबर लावून मी फोन त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून आवाज आला, "जिता हाय मी. चहा पिऊन राह्यलो. रडतेस काऊन?"

मार्थाबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग मला म्हणाल्या, "छत पाहाले आली होती ना? पाहून घे मंग."

मला मान वर करता आली नाही.

उद्या त्यांना भेटायला जावंसं वाटतं. पण मला दारात पाहून त्या पुन्हा घाबरल्या तर? तुम्ही गेला असता का?