पोच मिळेपर्यंत

अमेरिकेत शॉमबर्गला आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांनी आयुष्यात कुणाचा एकही निरोप हरवला नाही, असं मी पूर्वी छातीठोकपणे सांगत असे. त्यांची नोकरीच तसली होती. देशभर फिरणाऱ्या दुधाच्या थंड ट्रकमधली यंत्रं आपापलं तापमान कळवत आणि काकांचा प्रोग्राम मध्ये बसून ते निरोप ऑफिसात पोचवी. पलीकडचा कॉम्प्युटर बंद असला तर निरोप रांगेत ठेवायचा, आणि मिळाल्याची पोच आल्याशिवाय खोडायचा नाही. मला कुतूहल वाटे ते याचं, की हा माणूस घरातही तसाच वागे. "काकूंना सांग, दही संपलंय," एवढा निरोप माझ्याकडे दिला, तरी तो सांगून मी परत येईपर्यंत ते जिन्यात उभे राहत. एकदा मी विसरून थेट लायब्ररीत गेलो, तर तिथे त्यांचा फोन. "पोच नाही आली, म्हणून रीट्राय करतोय." खिशातल्या वहीत ते प्रत्येक निरोप लिहीत आणि पोच मिळाली की त्यावर काट मारत.

त्या वर्षी काकू आणि बाहेरगावी शिकणारी त्यांची मुलगी यांचं बोलणं बंद झालं. मुलीने डॉक्टर व्हायचं सोडून मातीची भांडी करायला घेतली होती. मग दोघींचे निरोप काकांमार्फत. "टेल आई, आय ॲम नॉट सॉरी," हे त्यांनी फोन कानाला लावूनच पोळ्या लाटणाऱ्या काकूंना जसंच्या तसं ऐकवलं आणि त्या "कळलं" म्हणेपर्यंत हलले नाहीत.

"काका, थोडं गोड करून सांगा की," मी म्हणालो.

"मधल्याने निरोपात हात घालायचा नसतो," ते म्हणाले. पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दिवाळीच्या आधी काकू माझ्यासमोरच म्हणाल्या, "अहो, तिला सांगा, यंदा घरी यायची गरज नाही." काकांनी वहीत लिहून घेतलं. आणि लक्ष्मीपूजनाला मुलगी दारात उभी, हातात स्वतः घडवलेली वाकडी पणती.

काकूंनी काकांकडे पाहिलं. "माझा निरोप दिला नाहीत?"

"रांगेत आहे," काका म्हणाले. "पाठवू?"

काकूंनी पणती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि तेल आणायला आत गेल्या.

पुढे काका-काकू दूर बेलव्ह्यू गावी राहायला गेले. सामान बांधायला मदत करताना ती वही मी चाळली. पानापानावर काट मारलेले निरोप होते, तेवढा एक सोडून. काकांची मला फार आठवण येते. आता माझ्या घरात कुणी रागाच्या भरात कुणाला काही सांगायला लावलं, की मी मान डोलावतो, आणि तो निरोप रांगेत ठेवून देतो.