आमच्या हॉलमधला सहा फुटी समुद्र

किश्श्यांचं फिशटँकच्या काचेवरल्या शेवाळासारखं असतं. काल पुसून काढलं म्हणावं, तर आज परत तेवढंच! मी समुद्र घरी आणायचं ठरवलं त्याला दीड वर्ष झालं. आजच्या घडीला टाकीत मासे दोन आहेत. किस्से किती, ते विचारू नका.

मी जालन्यात हायस्कूलला भूगोल शिकवतो. आमचं मंडळ तिघांचं. कांतीलालजींचं कापडाचं दुकान. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण आता पक्के जालन्याचे. साळवे सर आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतात. तिघांत हाताने काही करता येणारे तेवढे एकच. तिसरा मी. मला फक्त समजावून सांगता येतं!

कांतीलालजींच्या दुकानात सहा फुटांची गोड्या पाण्याची टाकी होती. दुकानाचं फर्निचर बदललं आणि टाकी माझ्या हॉलमध्ये आली. त्याच आठवड्यात माझी बायको वंदना म्हणाली, "लग्नाला अठरा वर्षं झाली. शाळेतल्या पोरांना समुद्र शिकवता, मला कधी दाखवणार?"

शहाण्या माणसाने कोकणाचं तिकीट काढलं असतं. मी म्हणालो, "घरीच आणतो!"

*

या टाकीच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत काळ्या काचेचे उभे खोके होते, बनवणाऱ्यानेच चिकटवलेले. वरचं पाणी त्यांच्या दात्यांवरून आत पडायचं, पाइपने कपाटातल्या छोट्या टाकीत उतरायचं, तिथं गाळलं जायचं आणि पंप ते परत वर फेकायचा. याला ओव्हरफ्लो म्हणतात. पण पाणी आत पडताना आवाज असा घळाघळा, की घरात कोणीतरी कायम आंघोळ करतंय असं वाटावं.

एकदा केदारखेड्याहून मेव्हणा आला. जेवता जेवता दोनदा उठला आणि बाथरूमचा नळ तपासून आला. तिसऱ्यांदा स्वयंपाकघरातलाही बघितला. मग ताटावर बसत म्हणाला, "दाजी, नळ तर समदे बंद हायेत. मंग तुमच्या घरातून पाणी चाललं कुठं?"

वंदनाने भाकरी वाढत उत्तर दिलं, "समुद्रात!"

*

खाऱ्या पाण्याला प्रवाह मोठा लागतो. कोपऱ्यातले खोके त्याला पुरत नाहीत, शिवाय जागा खातात. म्हणून ठरलं, की दोन्ही खोके काढायचे आणि मागच्या काचेला वरच्या अंगाला एक लांब आडवी पन्हाळ बसवायची. बोलायला सोपं होतं. मीच बोललो होतो!

काच चिकटवणाऱ्या सिलिकॉनच्या थरातून बारीक तार करवतीसारखी ओढायची आणि खोका सोडवायचा. एका टोकाला साळवे सर, दुसऱ्या टोकाला मी. खोका धरायला कांतीलालजी, कारण आमच्यात वजनदार तेच. अर्धा तास काही हललं नाही. मग खोका एकदम सुटला आणि कांतीलालजी त्याला पोटाशी धरून मागच्या मागे दिवाणावर बसले.

कर्रर्र असा आवाज झाला. साळवे सर आणि मी काचेकडे धावलो.

"काच सलामत आहे!" कांतीलालजी ओरडले. "बिलकुल सलामत आहे सर, एक टवका न्हाई!"

आवाज कसला झाला ते वंदना स्वयंपाकघरातून आली तेव्हा कळलं. ते वाळलेल्या कुरडयांच्या टोपल्यावर बसले होते. वर्षभराच्या!

त्या आठवड्यात आमच्याकडे रोज कुरडयांच्या चुऱ्याची भाजी झाली. भाजी चांगली झालीय, असं मी म्हणायला नको होतं.

*

पन्हाळीसाठी मागच्या काचेला भोकं पाडायची, तर आधी ती टफन, म्हणजे तापवून कडक केलेली काच आहे का ते पाहावं लागतं. टफन असली की ड्रिल लागताच चुरा! तपासायची युक्ती मी शोधून काढली. काचेमागे लॅपटॉपचा पांढरा पडदा धरायचा आणि पुढून एका खास काळ्या गॉगलमधून बघायचं. पट्टे दिसले की टफन. टाकी भिंतीजवळ, म्हणून मागच्या फटीत साळवे सर लॅपटॉप घेऊन उभे, आणि मी गॉगल घालून रिकाम्या टाकीत मांडी घालून बसलो.

नेमका तेव्हाच परतूरचा एक पालक आला. मुलगा आमच्या शाळेत नववीला, भूगोलात काठावर पास. पालक दारातच थबकला.

मी टाकीतून म्हणालो, "या, बसा. मुलाचं विचारायचंय ना?"

"न्हाई सर, तुमचं चालू द्या," तो हात जोडून म्हणाला. "इचारायला आल्तो, पण आता बराबर समजलं!"

बूड टफन निघालं, मागची काच साधी. भोकं पडली, पन्हाळ बसली. बुडातली जुनी भोकंही साळवे सरांनी काचेचे तुकडे चिकटवून बंद केली. पालक मात्र परत आला नाही.

*

हा किस्सा मी सहसा वंदनासमोर सांगत नाही.

मे महिना होता. सुट्टीत तिला कोकणात न्यायचं कबूल केलं होतं. जागा ठरली होती, तिने बॅगही काढली होती. त्याआधी फक्त टाकी गळत नाही ना, एवढं बघायचं होतं. नळाला पाणी येतं त्या दिवशी घरातल्या हंडे, बादल्या, पातेल्यांबरोबर टाकीही पन्हाळीपर्यंत भरली आणि पाण्याच्या रेषेवर मी पेनाने खूण केली.

दुसऱ्या दिवशी पाणी खुणेच्या चार बोटं खाली!

साळवे सर धावत आले. टाकीखाली वर्तमानपत्रं पसरली, ती कोरडी. कपाटात टॉर्च मारला, कोरडं. तिसऱ्या दिवशी पाणी आणखी चार बोटं खाली. "सर, हे पाणी चाललं कुठं?" साळवे सर घाम पुसत म्हणाले. "म्या एवढ्या वर्षांत अशी गळती पाह्यली न्हाई. ओल न्हाई, थेंब न्हाई!"

टाकी रिकामी केली. सगळं सिलिकॉन खरवडून नव्याने भरलं. ते वाळायला दिवस द्यावे लागतात. घरभर सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा आंबूस वास. मी कोकणातली जागा रद्द केली. वंदनाने बॅग परत माळ्यावर टाकली.

नळाच्या दिवशी पुन्हा भरली. दुसऱ्या दिवशी चार बोटं खाली! साळवे सर डोक्याला हात लावून बसले असताना वंदना बादली घेऊन आली, टाकीत बुडवली, भरली आणि कूलरमध्ये ओतली.

"वहिनी!" साळवे सर उभेच राहिले. "तुम्ही रोज यातूनच पाणी घेऊन राह्यल्या का?"

"मंग? एवढं भरलेलं पाणी काय नुसतं बघत बसायचं? शेजारच्या काकूंनाबी दोन कळश्या दिल्या. त्यांच्याकडं नळ आल्ता पण मोटार बंद व्हती."

जालन्यात उन्हाळ्यात घरात भरलेलं पाणी असताना कोणी वापरणार नाही, हे आमच्या तिघांच्या डोक्यात आलं तरी कसं? मी हसत सुटलो. "म्हणजे तुझी ट्रिप तूच बुडवलीस!"

ती हसली नाही. बादली खाली ठेवून म्हणाली, "मला इचारलं असतं तर मी सांगितलं नसतं का?"

मला खरोखर वाईट वाटलं. संध्याकाळपर्यंत वाटत राहिलं. मग मिठाचं पोतं आलं आणि मी विसरलो.

*

समुद्र तयार झाला. मासे आले, दोन, नारंगी. नवी पन्हाळ इतकी शांत की मेव्हणा आला असता तर त्याला नळ तपासावा लागला नसता. मी मंडळाला चहाला बोलावलं आणि भाषण सुरू केलं. ऐन भाषणात लाइट गेली.

पंप थांबला. लांब पन्हाळीतून जुन्या खोक्यांपेक्षा दुप्पट पाणी खाली उतरतं, हे मला माहीत होतं. खालची छोटी टाकी तेवढीच ठेवलीय, हेही माहीत होतं. दोन्ही एकत्र माहीत नव्हतं! पाणी कपाटातून बाहेर आलं आणि हॉलभर पसरलं. कांतीलालजींनी पाय वर घेतले.

"सर, क्लासमध्ये भरती कशाने येते म्हणून सांगता?"

"चंद्रामुळे," मी पोतेरं शोधत म्हणालो.

"मंग पोरांना सांगा, जालन्यात लाइटमुळे!"

वंदना दारात उभी होती. तिने पोतेरं माझ्या हातात दिलं आणि शांतपणे म्हणाली, "दिवाळीत मी आन् सुमनताई कोकणात चाललो. तुम्ही तुमचा समुद्र सांभाळा, मी माझा पाहून येते."

सुमनताई तिची मोठी बहीण. मी येतो म्हणायला तोंड उघडलं. पण उडून गेलेलं पाणी टाकीत रोज भरावं लागतं. ते कोण भरणार? मी तोंड मिटलं.

*

ती पाच दिवस गेली. रोज फोन यायचा. मागून लाटांचा आवाज, वाऱ्याचा आवाज आणि मधे तिचं हसणं. इतकी हसताना मी तिला बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं. खूप आनंद झाला आणि तेवढीच लाजही वाटली.

आली ती काळवंडून, चपलांत वाळू घेऊन, आणि हातात पाच लिटरचा कॅन. दोन गाड्या बदलत, मांडीवर धरून आणला होता.

"खाडीच्या तोंडाशी गेल्तो, तिथून भरला. तुमच्या माशांना," ती म्हणाली. "अस्सल समुद्राचं हाय. ताई म्हणली कशाला एवढं वझं, पण म्हटलं तुम्ही तर आले न्हाई, निदान पाणी तरी न्यावं."

एवढ्या लांबून, माझ्या माशांसाठी! मी कॅन घेतला, झाकण उघडलं आणि सवयीने खारटपणा मोजायची नळी आत सोडली. नळीवरचा आकडा बघितला. पुसून पुन्हा बघितला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"यात मीठ कमी आहे."

वंदनाने माझ्याकडे बघितलं. कॅनकडे बघितलं. मग पर्समधून फोन काढून तिथेच उभ्या उभ्या नंबर लावला.

"ताई, पोहोचले गं. बराबर पोहोचले. ऐक, पुढच्या वर्षी पाच दिवस न्हाई, पंधरा दिवसांचं बघ."