तोंड बघून तंबाखू देणारी हमीदाबी

तराजूला हात लावायच्या आधी हमीदाबी गिऱ्हाइकाला तोंड उघडायला लावायची. तळेगावच्या आठवडी बाजारात गोणपाटावर तिचा तंबाखूचा ढीग असे. मशेरी भाजण्यासाठी तंबाखूचं पान न्यायला बायका यायच्या. ही त्यांची हनुवटी धरून उन्हाकडे वळवायची न् बैलाचे दात बघावेत तशी आत डोकवायची. हिरडीत पू दिसला, फोड दिसला, की तंबाखू बंद. "आदी दाताचं बघून ये, मग बोलू." धंदा बुडवायची ही रीत तिनं नवऱ्याच्या मरणातून उचलली होती. त्याच्या सडक्या दाढेशेजारी जखम झाली, वर्षभर भरली नाही, आणि त्यातच तो गेला.

"मग तंबाखू विकतेसच कशाला?" मी एकदा विचारलं.

"मी उठले तर दुसरा बसंल. त्यो काय तोंडं बघनार न्हाई."

साठच्या दशकातली ही गोष्ट. मी आंदर मावळातली नवी सून, सातवी पास. सातवी म्हणजे जवळजवळ कलेक्टरीणच, असं माझं मत होतं. बाकी कुणाचं नव्हतं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची आणि त्यांची मशेरी मीच भाजायची. तुटक्या दाढेला घासून त्यांच्या जिभेच्या कडेला जखम झाली होती. ठणका लागला की त्या तिथंच मशेरी दाबत. जागा बधिर झाली की म्हणत, "गुण आला." आणि ही विद्वान सून पुढची चिमूट तयार ठेवायची!

"कुणासाठी नेतीस?" हमीदाबीनं विचारलं.

"सासूबाईंसाठी."

"मग सासूचं तोंड घिऊन ये."

मी फणकाऱ्यानं पलीकडच्या दुकानातून दुप्पट तंबाखू घेतली. घरी हमीदाबीची नक्कलही करून दाखवली. आत्याबाई हसल्या आणि हसता हसता गाल धरून खाली बसल्या. माझी कलेक्टरी तिथंच संपली.

पुढच्या बाजाराला त्यांना घेऊन गेले, तर त्या तोंड उघडेनात. "तुज्याम्होरं आ वासाया मी काय चिमणीचं पिल्लू हाय का गं?"

हमीदाबी शेजारच्या भाजीवालीला मोठ्यानं म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाई. आक्खा डोंगर उतरून आली, पर दात दावायला भ्याली."

आत्याबाईंनी तडक तोंड उघडलं. हमीदाबी बराच वेळ बघत राहिली. मग भर बाजारात तिनं ढिगावर गोणपाट टाकलं आणि आम्हाला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं.

दाढ निघाली, पू गेला, सूज उतरली. पण पंधरवडा झाला तरी जखमेची एक कड कडकच, म्हणून हमीदाबीनं आम्हाला पुन्हा डॉक्टरांकडे नेलं.

"तंबाखू म्हंजी इस्तू, डाक्तर," हमीदाबी म्हणाली. "पर त्याला फुकनारी फुकनी म्हंजी सडका दात. पुवातल्या जंतूंचा न् त्या वंगाळ रोगाचा काय लागाबांधा आसंल का?"

डॉक्टर हसले. "जंतूंनी गळू होतं, बाई. कर्करोग होतो असं माझ्या पुस्तकात नाही."

"पुस्तकात नसंल. माज्या नवऱ्याच्या तोंडात हुतं."

डॉक्टर हसायचे थांबले. कडेचा तुकडा त्यांनी तपासायला पाठवला. माझी डॉक्टर नात आज सांगते, हिरड्यांतल्या जंतूंचा त्यात हात असतो का, हे शास्त्रज्ञ तपासताहेत. ठाम अजून कुणी बोलत नाही. तंबाखूबद्दल मात्र कुणालाच शंका उरलेली नाही.

उत्तर आलं. रोगच होता, पण नुकता लागलेला. मुंबईच्या इस्पितळात म्हणाले, कड कापून निभेल. आणखी उशीर झाला असता तर जीभच गेली असती. कड कापली. बोलता कितपत येईल, ते जखम भरल्यावर कळेल, म्हणाले. तोवर एक शब्द काढायचा नाही. मी मोठ्या हौसेनं आत्याबाईंना पाटी-पेन्सिल आणून दिली. त्यांना अक्षर ओळखता येत नाही, हे सातवी पास सुनेच्या ध्यानातच नव्हतं. त्यांनी पाटीवर माझं डोकं काढलं आणि त्यावर फुली मारली.

जखम भरली, बोलायची मुभा मिळाली, पण आत्याबाईंनी अजून शब्द काढला नव्हता. तळेगाव स्टेशनात उतरलो तो बाजाराचाच दिवस. आत्याबाई घरच्या वाटेला वळल्याच नाहीत. तडक हमीदाबीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. आत्याबाईंनी ओठ हलवले, थांबल्या, पुन्हा हलवले.

"सटवे!" शब्द जरा जड, पण लख्ख. "तुज्यापायी माजी मशेरी सुटली. आता सकाळच्या पारी काय तुजं डोस्कं चघळू?"

हमीदाबी उठली ती तंबाखूच्या ढिगावरच उभी राहिली. "ऐका गं, समद्याजणी ऐका! बोलाया लागली!"

आत्याबाईंनी तिचा, तिच्या तराजूचा आणि तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आणि हमीदाबी दर शिवीला टाळ्या पिटत होती.