पोथीच्या पानावरचे थेंब

“हे सर्दीचं पाणी नाही. मेंदूभोवती असतं, ते पाणी आहे.” नाक-कान-घशाच्या डॉक्टर मॅडम साध्या आवाजात म्हणाल्या. मी हातातला रुमाल घडी घालून पर्समध्ये ठेवला, जणू त्याचं काम संपलं होतं.

सेरेब्रोस्पायनल फ्लुइड लीक हे या आजाराचं नाव. मेंदू ज्या स्वच्छ पाण्यात असतो ते पाणी कवटीच्या तळाच्या हाडाला पडलेल्या बारीक भोकातून नाकात उतरतं. मार न लागता आपोआप झालं तर त्याला स्पॉन्टेनियस म्हणतात. ज्या वाटेनं पाणी बाहेर येतं त्याच वाटेनं जंतू आत जाऊ शकतात आणि मेंदूज्वर होऊ शकतो. म्हणून हे लिहिते आहे. वाकलं की एकाच नाकपुडीतून पाण्यासारखं पातळ काही गळत असेल, तर सर्दी समजून घरी बसू नका.

मी बसले होते.

यजमान गेले त्यानंतरच्या दिवसांत आमच्या नल्लकुंट्याच्या घरी रोज संध्याकाळी पोथी वाचली गेली. आमच्याकडे ती घरच्याच माणसानं वाचायची पद्धत आहे. मुलगी केतकी मराठी बोलते छान, पण इथल्या तेलुगू मुलखातल्या शाळेत मराठी नव्हतं, पोथीची ओळ तिला लागत नाही. म्हणून वाचन माझ्याकडे आलं. पोथी चौरंगावर, मी मान खाली घालून, आणि डाव्या नाकपुडीतून पानावर थेंब. समोरच्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या. वन्सं, म्हणजे यजमानांच्या थोरल्या बहीण, हलकेच म्हणायच्या, “थांब गं जरा. रडून घे.”

मला रडू आलंच नव्हतं. पण सगळ्यांना दिसत होतं, तेव्हा मलाही वाटलं, असंही एक रडणं असेल.

तेरावा झाला, गळणं थांबेना. कोठी भागातल्या आमच्या जुन्या डॉक्टरांनी ॲलर्जीच्या गोळ्या दिल्या. एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही, कारण ती तक्रार नव्हतीच. माझी वर्षानुवर्षांची डोकेदुखी थांबली होती. नाडीच्या ठोक्याबरोबर कानात होणारा सूं-सूं आवाजही गेला होता.

शंका आली ती केतकीला, माझे रुमाल धुताना. “आई, सर्दीचे रुमाल वाळले की कडक होतात. तुझे होत नाहीत.” कुकटपल्लीतल्या ऑफिसातून रजा घेऊन ती मला हॉस्पिटलात घेऊन गेली.

तिथं मान खाली घालून एका छोट्या बाटलीत थेंब जमवायला सांगितले. बीटा-टू ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन तपासतात. ते मेंदूच्या पाण्यात असतं, सर्दीच्या पाण्यात नसतं. माझ्या बाटलीत निघालं. मग सीटी स्कॅन, एमआरआय, आणि पुन्हा बाहेरच्या खुर्च्यांवर वाट पाहणं.

मॅडमनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. “भोक इथं आहे. पण मला जास्त काळजी याची वाटते.”

पहिलं, एम्प्टी सेला. कवटीच्या तळाशी हाडाची एक लहानशी बैठक असते, तिच्यात पिट्युटरी ग्रंथी बसते. माझ्या बैठकीत पाणी भरलं होतं आणि ग्रंथी तळाला चपटी होऊन पडली होती. दुसरं, डोळ्यांमागच्या ऑप्टिक नर्व्हचं, म्हणजे दृष्टीच्या मज्जातंतूचं, आवरण दोन्हीकडे पाण्यानं फुगलं होतं. तिसरं, ट्रान्सव्हर्स सायनस, म्हणजे मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरा, त्या अरुंद झाल्या होत्या.

“सगळ्याचा अर्थ एकच. आत दाब वाढलेला आहे. त्या दाबानं हाड झिजलं.”

“म्हणजे दुःखानं नाही?” मी विचारलं.

“दुःखानं हाडाला भोक पडत नाही, अम्मा. हे बरीच वर्षं चाललंय. तुमचे मिस्टर होते तेव्हापासून.”

मला बरं वाटलं. त्यांच्या जाण्यावर आणखी हा एक आळ नको होता.

“मग डोकं दुखायचं का थांबलं?”

“कुकरला शिटी मिळाली. वाफ निघून जाते आहे.”

“आणि तुम्ही ती शिटी बंद करणार.”

मॅडम हसल्या. “शिटी बंद करायची आणि गॅसही कमी करायचा. गॅस तसाच ठेवला तर दुसरीकडून फुटेल, नाहीतर नजरेवर येईल.”

नजर म्हटल्यावर मी ऑपरेशनला हो म्हटलं. केतकी ऑफिसला गेली की घरात आता पुस्तकं आणि मी, एवढेच उरायचो. पुस्तकं मला सोडायची नव्हती.

वन्संना हे पटेना. “वर्षाच्या आत कापाकापी कशाला? नाकच ते, गळतंय तर गळू दे. वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू.”

“वर्षश्राद्धाला पोथी कोण वाचणार, वन्सं?”

“तूच की.”

“मग मला डोळे हवेत.”

“डबा मी आणीन,” त्या म्हणाल्या. “ तिथलं सांबार खाऊ नकोस.”

ऑपरेशन नाकातूनच, दुर्बिणीनं झालं. मांडीतला एक पातळ पडदा काढून भोकावर ठिगळ लावलं. नंतरचे नियम सोपे, पाळायला अवघड. उशी उंच ठेवायची, नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, वाकायचं नाही. चप्पल घ्यायला वाकले तर आया ओरडली, “झुकना नक्को अम्मा, मैं देती ना!”

काही दिवसांनी डोकेदुखी परत आली. मी घाबरले, मॅडमना ती अपेक्षितच होती. लंबर पंक्चर केलं, म्हणजे पाठीच्या कण्यात सुई घालून दाब मोजला. वाढलेलाच होता. ॲसिटाझोलामाइड सुरू झालं. या गोळीनं ते पाणी कमी तयार होतं, पण बोटांना मुंग्या येतात आणि चहाची चव बिघडते. गोळी घेत राहिले. वजन उतरवायला सांगितलं, तेव्हा दोन्ही वेळचा भात एका वेळेवर आणला आणि रोज चालायला लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या नजर तपासायच्या यंत्रात ठिपका चमकला की बटण दाबायचं असतं. एकही ठिपका सुटू नये म्हणून मी श्वास धरून बसायची. दृष्टीच्या मज्जातंतूला आलेली सूज हळूहळू ओसरली.

त्या काळात पुस्तकावर वाकायची बंदी होती. केतकी ऑफिसातून आली की मला वाचून दाखवायची. जोडाक्षरांवर अडखळायची, पुन्हा मागून सुरुवात करायची. मी दुरुस्त करत नसे. इतकं सावकाश मी कधी ऐकलं नव्हतं.

वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी तिनं चौरंगावर दोन जाड शब्दकोश रचले आणि त्यावर पोथी ठेवली, मला वाकायला लागू नये म्हणून. वन्सं समोर बसल्या. अक्षरं स्वच्छ दिसत होती. निम्मा अध्याय झाला आणि पानावर पाणी पडलं.

केतकीचा चेहरा उतरला. “आई, डावीकडून?”

“नाही गं. डोळ्यांतून. दोन्ही.”

वन्संनी आपला रुमाल माझ्याकडे सरकवला. केतकीनं पोथी आपल्याकडे ओढली, ओल्या ओळीखालची ओळ बोटानं शोधली आणि अडखळत पुढे वाचायला लागली.