फेट्याखालची जखम

माझ्या थोरल्या मुलाचा बाप्तिस्मा एका फेट्यावर अडला होता.

फेटा आमच्या बाबांचा. बाबा अकोल्याच्या बाहेर मळा करायचे. वांगी, मेथी, झेंडू. ख्रिस्ती झाले तरी मळा तोच, बोली तीच आणि फेटाही तोच. (धुतलेला असायचा. मूळ रंग कोणता, याबद्दल मात्र घरात दोन मतं होती.) मी अमरावतीला मराठीचा मास्तर. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, आणि मी माझ्या शुद्ध भाषेमुळे स्वतःला थेट पुण्याला जोडून घेतलं होतं. नातवाच्या बाप्तिस्म्यासाठी बाबा बडनेऱ्याला गाडीतून उतरले आणि वांग्यांचं टोपलं घेऊन चालत घरी आले. रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळात उपासनेला गेले. दाराशी वहाणा काढल्या, फेटा नीट केला आणि पहिल्या बाकापुढे खाली मांडी घालून बसले.

बस, इतकंच केलं त्यांनी!

आमचे पाळकसाहेब नगरकडचे. भाषा स्वच्छ, कॉलर कडक. उपासना संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मास्तर, देवाच्या घरात पुरुषानं मस्तक उघडं ठेवावं. पुढच्या रविवारी बाप्तिस्म्याला मिशनचे मोठे गोरे साहेब येताहेत. आजोबांनी फेटा काढला, तरच त्यांनी बाळाला घेऊन पुढं यावं."

मी घरी येऊन निरोप सांगितला.

"फेटा काढू?" बाबा म्हणाले. "काहून? कोन मेलं?"

"तसं नाही बाबा. तिकडे टोपी काढणं म्हणजे मान देणं."

"तिकडे म्हंजे कुठं?"

"विलायतेत."

"मंग विलायतेतल्या लोकायनं काढावी ना! मी अकोल्याचा मानूस. मानाच्या घरी जाताना आमी फेटा बांधतो अन वहाना बाहेर सोडतो. तुहा पाळक बूट घालून पार वेदीपाशी जाऊन राहिला, त्याले कोनी काही म्हनत नाई!"

माझी बायको मार्था चुलीपाशी होती. मदतीच्या आशेनं मी तिच्याकडे पाहिलं. चूक झाली!

"बाबा बराबर बोलून राहिले," ती म्हणाली. "माह्या डोक्यावरून पदर सरकला का तेच पाळकसाहेब डोये वटारतात. बाईनं झाकाचं, मानसानं उघडं ठेवाचं! अन बाबाचा फेटा काढाल त मी बी उघड्या डोक्यानं येतो, सांगून ठेवतो!"

बाबा हसले नाहीत. फेट्याला हात लावून म्हणाले, "ऐक. मी बाप्तिस्मा घेतला तवा पंचायनं चावडीवर बोलावलं. काठीनं माहा फेटा पाडला. म्हने, आता हा आपला नाई. मी फेटा उचलला, झटकला, अन तिथंच त्यायच्या समोर परत बांधला. घरी येऊन तसाच देवाच्या पुढं बसलो. तवापासून त्याच्या पुढं मी फेटा बांधूनच बसतो. त्याले समदं माहीत हाये. तुह्या पाळकाले माहीत नसंल त मी काय करू?"

 मी तसाच भरल्या डोळ्यांनी पाळकांकडे गेलो. आता जे घडलं ते सरळ शब्दांत सांगायला काय हरकत होती? पण मी पडलो मराठीचा मास्तर!

"पाळकसाहेब," मी म्हणालो, "त्या फेट्याखाली एक जुनी जखम आहे. ती उघडी करू नका. अजून भरलेली नाही."

पाळकांचा चेहरा लोण्यासारखा मऊ झाला. "अरेरे! मला कल्पनाच नव्हती. वाहते का?"

"कधी कधी," मी डोळे पुसत म्हणालो. (ते माझीच उपमा पुढे नेताहेत असं मला वाटलं! केवढा रसिक माणूस!)

"मग राहू द्या फेटा."

मी विजयी वीरासारखा घरी आलो. त्या आनंदात बाप्तिस्म्यासाठी नवे बूटही घेतले. जरा घट्ट होते, पण चकाकी अशी, की त्यात भांग पाडावा!

रविवार उजाडला. देऊळ भरलेलं. मोठे साहेब चांगले उंच, पेशानं डॉक्टर, आणि मराठी पुस्तकातून शिकलेले. बाबा बाळाला मांडीवर घेऊन खाली बसले होते. पाळकांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. पावसासाठी, सरकारसाठी, आजाऱ्यांसाठी... आणि मग त्यांचा आवाज कापरा झाला.

"आणि हे प्रभू, तुझा वृद्ध सेवक कान्होजी याच्या मस्तकावरील वाहत्या जखमेवर तू आपला हात ठेव!"

"आमेन!" सगळी मंडळी म्हणाली. कान्होजी सोडून.

"कोनाच्या?" कान्होजींनी डोळे उघडून विचारलं.

साहेबांमधला डॉक्टर जागा झाला. ते खाली आले, बाबांसमोर वाकले आणि म्हणाले, "आजोबा, भय धरू नका. आपले शिरोवेष्टन दूर करा. मी व्रणाचे अवलोकन करतो."

"काय म्हनून राहिले हे?" बाबांनी मला विचारलं.

"डोकं पाहू म्हणतात."

"डोक्यात काय हाये?"

"किडे पडले असतीन वो बिचाऱ्याले!" मागून एक म्हातारी हळहळली. पहिल्या बाकावरचे लोक उठून तिसऱ्या बाकावर गेले.

पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. आता बोलणं भागच होतं. "ती... ती अलंकारिक जखम होती," मी म्हणालो.

"अलंकारिक?" साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हा रोग स्पर्शजन्य आहे काय?"

पहिल्या तीन बाकांवर आता कुणीच उरलं नाही!

बाबा बाळाला घेऊन उठले. फेट्यासकट ते साहेबांच्या खांद्याला लागत होते, पण त्या क्षणी कोण उंच आहे ते सांगता आलं नसतं.

"साहेब, जखम-बिखम काही नाई. हा फेटा पंचायनं पाडला होता, मी परत बांधला. तुमी टोपी काढून मान देता, आमी पायताण काढून देतो. देवाले दोनी समजते. माहं मन त्याच्या पुढं वाकलं का नाई, ते तो पाहून घेईन. पन हा फेटा बांधेल हाये अन बांधेलच राहीन! बाप्तिस्मा करा, नाई त मी नातवाले घेऊन चाललो अकोल्याले. मोर्णा नदीत बी पानी हाये!"

मार्था तरातरा जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली. मीही गेलो. (बूट करकरले, त्यामुळे माझं जाणं सगळ्यांना कळलं.)

 साहेबांनी बाबांच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. मग स्वतःच्या बुटांकडे. मग पायरीवर बसले आणि नाड्या सोडू लागले. नाड्या इतक्या लांब, की गाणाऱ्यांनी मघाचंच गीत पुन्हा सुरू केलं. बूट निघाला. मोज्यातून अंगठा बाहेर!

"आता योग्य आहे ना, आजोबा?"

"झकास," बाबा म्हणाले. "पन मोजा शिवून घ्या."

पाळकांनी लालबुंद चेहऱ्यानं आपले बूट काढले. मागे सगळ्या देवळात पायताणांचा खडखडाट उठला. मीही एका खांबाला टेकून वाकलो. उजवा बूट निघाला. डावा हलेना! पाय सुजला होता की बूट आकसला होता, देव जाणे. मी टाच धरली, दात खाल्ले, सगळा जीव एकवटला. तिकडे सगळे पाण्याच्या पात्राभोवती जमले होते. साहेबांनी मोठ्यानं विचारलं, "या बालकाचे नाव काय?"

बापानं सांगायचं असतं. सगळे माझ्याकडे वळले.

"निंगत नाई!" मी ओरडलो.

ऐन वेळी पुणं गेलं आणि तोंडातून अकोला बाहेर पडलं!

साहेबांनी क्षणभर विचार केला. मग बाळाच्या कपाळावर हात नेत गंभीरपणे म्हणाले, "निंगतनाई, मी तुला..."

"थांबा वो बाप्पा!" मार्था किंचाळली. "शांतवन! शांतवन हाये त्याचं नाव!"

शांतवनचा बाप्तिस्मा झाला, आजोबांच्या हातांवर, फेट्याच्या साक्षीनं. पुढच्या रविवारी, इतकी वर्षं टोपी-रुमाल काखेत धरून येणारे किती तरी म्हातारे डोकं बांधून आले आणि पाळकांच्या डोळ्याला डोळा भिडवून आत बसले.  दारापाशी वहाणांचा ढीग पडला होता, त्यात पाळकांचेही बूट होते.

अकोल्याला परत जाताना बाबा मला म्हणाले, "त्या दिवशी देवाले माहा फेटा दिसला, साहेबाचा अंगठा दिसला. तुहं मन मात्र त्याले बुटात शोधा लागलं असंल."

मुलाला सगळे शांतवन म्हणतात. पण ते दुसरं नाव मंडळीनं वाया जाऊ दिलं नाही. मला लावलं. निंगतनाई मास्तर! मी खूप धडपड केली, रागावलो, शुद्ध मराठीत निषेधही केला. पण खरं सांगतो, ते काही निंगत नाई!