बाईंची रोहिणखेडची सहल

आमच्या तिसरीच्या बाईंइतकी उतावळी बाई अख्ख्या मोताळा तालुक्यात दुसरी झाली नसेल. महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं तेव्हाची गोष्ट. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शब्द वाचायचा नाही, असा त्यांचा हट्ट. धड्यात ‘रवी’ आली तेव्हा त्यांनी शेजारून रवी मागून आणली आणि टेबलावर ताक घुसळून दाखवलं. ‘डरकाळी’ आली त्या दिवशी चौथीच्या पोरांनी खिडकीतून बाहेर उड्या टाकल्या.

मला मात्र वाचता येत नसे. अक्षरं ओळखीची असत, पण सगळ्यांसमोर उभं राहिलं की मी पुस्तकात तोंड लपवी. दिवाळीनंतर हिला कापूस वेचायला न्यायचं, असं बाबांनी घरात सांगूनही टाकलं होतं.

मग धड्यात ‘कमान’ आणि ‘शिलालेख’ आले. रोहिणखेडच्या जुन्या मशिदीत दोन्ही आहेत म्हणून बाईंनी लगेच सहल ठरवली आणि गाडी मागायला थेट आमच्या घरी आल्या. बाबा नाही म्हणायच्या आत त्या बैलांपुढे कडबा टाकूनही मोकळ्या झाल्या.

रोहिणखेडला बाबांनी गाडी थांबवायच्या आत बाईंनी उडी मारली. आम्हाला कमानीखाली उभं केलं, दगडावरून हात फिरवायला लावला. पण भिंतीतल्या शिलालेखासमोर त्या एकदम गप्प झाल्या. अक्षरं फारसी होती. बाईंचं गप्प बसणं इतकं नवलाचं होतं, की माझ्या तोंडून निघून गेलं, “बाई, तुमाले नाही येत वाचता?”

“एक अक्षर नाही येत,” बाई म्हणाल्या. बक्षीस मिळावं तसा त्यांचा चेहरा फुलला होता. “पाह्य, मी बी तुह्यासारखीच. चाल, आपल्याले येते ते वाचू.”

त्या माझ्याशेजारी फरशीवर बसल्या आणि धडा पुढे धरला. बाईच माझ्या रांगेत आल्यावर भ्यायचं कोणाला? अडखळत, घाम पुसत मी पहिली ओळ वाचली, मग दुसरी, मग थांबवेचना. बैल सोडून बाबा कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही.

“आखीन एक डाव वाच,” ते म्हणाले.

दिवाळीनंतरही मी शाळेत जात राहिले. पुढच्या वर्षी बाईंची मलकापूरला बदली झाली. त्यांना पोचवायला बाबांनीच गाडी जुंपली. वळणापर्यंत बाई हात हलवत मोठ्याने काहीतरी सांगत होत्या, पण चाकांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. बाबा परतल्यावर मी विचारलं, बाई काय म्हणत होत्या?

“पुरा रस्ता बोलूनच राह्यल्या होत्या,” बाबा म्हणाले, “त्यातलं कोनतं सांगू तुले?” आणि बैल सोडून त्यांच्यापुढे कडबा टाकू लागले.