मायची पाठ आणि तेलातली सुई

आमच्या गल्लीत माझी माय सगळ्यांत उंच बाई होती. घरातल्या शिंक्यातलं गाडगं ती पाट न घेता खाली काढायची. दुष्काळात ती खडीच्या कामावर गेली. तिथं भरलेलं टोपलं डोक्यावर घेताना पाठीत काहीतरी मोडल्यासारखं झालं आणि ती जागीच बसली. बायकांनी तिला धरून घरी आणलं. त्यानंतर ती पुन्हा सरळ उभी राहिली नाही. वर्ष सरता सरता ती माझ्याएवढी झाली, आणि मी काही उंच नव्हते.

आमच्या गावात, हट्ट्यात, जे जे करता येईल ते करून झालं. बिब्ब्याचे डाग झाले, एका म्हातारीनं पाठीवर पाय देऊन रगडलं. त्या रगडण्यानं माय आठवडाभर अंथरुणावरून उठली नाही. शेवटी माझा मोठा भाऊ तिला नांदेडच्या सरकारी दवाखान्यात घेऊन निघाला. तो वसमतला कारकून होता, घरात त्याचाच शब्द चाले. मी हिंगोलीला डी.एड. करत होते. सुट्टीवर आले होते, म्हणून मीही गेले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पाठीचा एक्स-रे फोटो काढायला लावला. तो उजेडाकडे धरून त्यांनी मायला विचारलं, "पाळी कधी गेली तुमची?"

भाऊ लगेच उठला आणि पानटपरीकडे निघून गेला. पुढचं सगळं ऐकायला मी एकटीच होते.

"हाडं विरळ झालीत," बाई म्हणाल्या. "हा मणका दबलाय बघ. दूध, कॅल्शियमच्या गोळ्या, सकाळचं ऊन. आणि हे ड जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. तेलातलं आहे, कमरेत खोल द्यायचं. आज मी देते. पण लक्षात ठेव, हे औषध अंगात साठून राहतं. पुढचं केव्हा द्यायचं, द्यायचं की नाही, ते मी तपासून ठरवणार. मनानं घ्यायचं नाही. जास्त झालं तर मूत्रपिंडं जातील."

मी भावाला सांगितलं, घरी बाबांना सांगितलं, मायला तर दोनदा सांगितलं. सगळ्यांनी मान हलवली.

त्या इंजेक्शननं म्हणा की गोळ्यांनी म्हणा, मायला जरा बरं वाटलं. ती बसून भाकरी थापू लागली. मी हिंगोलीला परत गेले.

सहामाहीच्या सुट्टीत आले तेव्हा माय दारातच बसलेली होती. मला पाहून उठली नाही. तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी पीत होती. तो संपला की परत, "पाणी दे." जेवायला बसली की उमासे यायचे. बोलता बोलता मधेच गप्प व्हायची, आणि मला माझ्या मावशीच्या नावानं हाक मारायची.

शेजारच्या खालानं मला हौदापाशी गाठलं. खाला शिंप्याची बायको, मायची जुनी मैत्रीण.

"बेटी, तुझी माय बाजारा-बाजाराला सुई घेऊन राहिली, तुला मालूम हाय का?"

"कोणती सुई?"

"वोच नांदेडवाली. पिवळी, तेलावानी."

बाजाराच्या दिवशी आमच्या गावात एक डॉक्टर यायचा. आधी तो कुठल्याशा दवाखान्यात कंपाउंडर होता म्हणत. स्वच्छ पांढरा शर्ट, गोड बोलणं. काचेची पिचकारी आणि सुई तो समोर स्टोव्हवर उकळायचा, त्याचा हात हलका होता. लोक त्याच्यावर खूश होते. सुई उकळली की सगळं ठीक, एवढंच गावाला कळत होतं आणि त्यालाही तेवढंच कळत होतं. औषधाच्या बाटल्या भाऊच वसमतहून आणून देत होता.

मी भावाला विचारलं, "बाईंनी नको म्हणून सांगितलं होतं. तू काहून आणून राहिलास?"

"माझ्यासमोर कोणी असं बोललं न्हाई."

"मी सांगितलं ना तुला!"

"तू डॉक्टर हाय का?" तो म्हणाला. "मायला फरक पडला तो दिसला न्हाई तुला? एका सुईनं बसती झाली, मंग चार घेतल्या तर चालती होईल. इतकं साधं हाय."

बाबा खाटेवर बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "तो मोठा हाय. त्याला कळतं."

आणि माय? तिनं माझा हात धरला. "भांडू नको बाई. ती सुई घेतली की अंगात जीव येतो माह्या. तू हिंगोलीला राहतीस. रातभर पाठ कोणाची ठणकती?"

पुढच्या बाजारी मी डॉक्टरला दारात अडवलं. मायला उलट्या होतात, तहान भागत नाही, भान राहत नाही, सगळं सांगितलं. तो हसून म्हणाला, "पित्त हाय ताई." त्यानं पित्ताची सुई दिली, आणि मी दाराबाहेरून बघत असताना भावाच्या हातातून पिवळी बाटली घेऊन तीही दिली. मला भावानं दंडाला धरून बाहेर काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ वसमतला गेल्यावर मी मायला उठवलं. तिला चालवत नव्हतं. खालानं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. एसटीत खाला तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. रिकाम्या बाटल्या मी पिशवीत घातल्या होत्या.

डॉक्टरीणबाई त्याच होत्या. मी बाटल्या टेबलावर ठेवल्या. बाईंनी त्या एकेक करून मोजल्या. मग एकदम माझ्यावर ओरडल्या, "मी तुला सांगितलं होतं ना?"

"हो."

"मग?"

खाला म्हणाली, "पोरीला नका बोलू बाईसाहेब. तिचं कोण ऐकतं?" पण बाईंचा राग उतरला नाही, आणि समोर तर मीच होते.

मायला भरती केलं. सलाईन लावली. रक्तात कॅल्शियम फार झालं होतं, म्हणून दूध बंद, गोळ्या बंद, इंजेक्शन तर बंदच. हळूहळू तिला भान आलं. ती मला माझ्या नावानं हाक मारू लागली. मग एका दुपारी तिनं विचारलं, "आता ती सुई न्हाई?"

"न्हाई माय. त्यानंच हे झालं."

तिनं मोकळा हात पाठीखाली सारला. "मंग ही पाठ कोणाला देऊ?"

मूत्रपिंडांचं जे व्हायचं ते झालंच होतं. माय घरी आली ती सुजलेले पाय घेऊन. ज्वारी काढणीला आली तेव्हा ती गेली.

बुद्धवंदना झाल्यावर लोक बसून होते, तेव्हा तो डॉक्टर आला. भावानं त्याला सतरंजीवर जागा करून दिली, पहिला चहा त्याच्या हातात दिला. मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर विचारलं, "माझी माय पाणी पाणी करत होती. तुमी त्या दिवशी ती सुई काहून दिली?"

त्यानं कप खाली ठेवला. चिडला नाही. म्हणाला, "ताई, तुमच्या मायनंच मागितली. हात जोडले तिनं माझ्यापुढं."

हे खरं होतं. ती मागायची, हात जोडायची. ज्याला ते औषध काय आहे हे ठाऊक नाही, त्याच्यापुढं दुखणाऱ्या माणसानं हात जोडावेत आणि त्यानं ते परवानगी म्हणून धरावेत, हे मला आजही गिळता येत नाही. तेव्हा भाऊ म्हणाला, "आत जा तू. आलेल्या माणसाला असं बोलत्यात का?" बायका माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मीच काहीतरी वंगाळ केलं. खाला तेवढी उठून माझ्यामागं आत आली, चुलीपाशी बसली, आणि पीठ मळू लागली.

भावाशी मी पुढं बोलत राहिले, लग्नाकार्यात भेटत राहिले. तो आजही म्हणतो, "मायचं वय झालं होतं." तिनं पन्नाशीही गाठली नव्हती.

त्याच थंडीत बाबांना ताप भरला. मी घरी होते. भावानं डॉक्टरला बोलावलं. तोच आला, तसाच स्वच्छ शर्ट घालून. मी म्हटलं, "बाबा, नांदेडला जाऊ." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग तोंड फिरवलं आणि सदऱ्याची बाही वर सारली.